निळ्या आयाळीचा घोडा आणि मेथीच्या जुड्या

केनवड,
डिसेंबर १९७४

राजमान्य राजश्री बापूराव यांना केनवडच्या इंद्रभानचा रामराम. इकडे आई, मुलं, मळा आणि विहिरीवरचं इंजिन सगळे खुशाल आहेत. तिकडची खुशाली कळवावी. तिकडच्या मंडळींत सध्या तुमची बहीणही मोडते, तेव्हा तिची खुशाली वेगळी आणि सविस्तर कळवावी. तुमचा खोकला कसा आहे? पुस्तकांच्या धुळीनं होतो असं तुम्ही म्हणता, पण पुस्तकांनी खोकला झालेला माणूस मी अजून पाहिलेला नाही (आमच्याकडे मिरची कांडणाऱ्यांना होतो). अडुळशाचा काढा घ्या. हे पत्र जिजाबाईला वाचून दाखवायला माझी हरकत नाही. उलट दाखवाच.

दिवाळीत तुम्ही विचारलं होतं, ‘भाऊजी, वर्षभर मी पाठवलेल्या कुमारांच्या आणि जादूच्या कादंबऱ्यांपैकी कोणत्या पसंत पडल्या ते लिहा, म्हणजे आमच्या पुस्तकांच्या दुकानाच्या मालकाला पुढल्या वर्षी काय मागवायचं ते सांगता येईल.’ अगदी योग्य माणसाला विचारलंत. तुमच्या अकोल्यात पुस्तकं विकणारे पुष्कळ असतील, पण शेवटच्या पानापर्यंत जाणारे किती, हा प्रश्नच आहे. तुम्ही पाठवता ती पुस्तकं कव्हर फाटल्यामुळे दुकानात न खपलेली असतात, हे मला ठाऊक आहे, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्यांच्यावर ‘बारा ते सोळा वर्षांच्या वाचकांसाठी’ असं छापलेलं असतं. आमची दोन्ही मुलं त्या वयात बसतात, पण पुस्तकाजवळ बसत नाहीत. मग पुस्तक वाया जाऊ नये म्हणून मी वाचतो.

वाचन कसं चालतं ते मालकाला नीट समजावून सांगा, नाहीतर माझ्या निकालाचं महत्त्व त्याच्या लक्षात यायचं नाही. बाजाराच्या आदल्या दुपारी विहिरीजवळच्या मांडवात मेथी, पालक आणि सांबाराचे (मालकाला कोथिंबीर म्हणून सांगा) ढीग पडतात. आई, जिजाबाई आणि शेजारच्या गोमतीबाई केळीच्या सोपटानं जुड्या बांधतात आणि मी कादंबरी वाचतो. जुड्या बांधण्यातून मला सूट आहे (ती मी मागितलेली नाही, माझ्या जुड्या बाजारात पोचण्याआधी सुटतात म्हणून मिळालेली आहे). आमच्याकडे गोष्टीला हुंकारा लागतो हे तुम्ही अकोल्याला गेल्यावर विसरला नसाल. सांगणाऱ्यानं दोन वाक्यं सांगावी आणि ऐकणाऱ्यानं ‘हं, मंग?’ म्हणावं, तेव्हा गोष्ट पुढे सरकते. आमच्या मांडवातला हुंकारा जिजाबाईकडे असतो, आणि तुमची बहीण म्हणून सांगत नाही, असा हुंकारा पंचक्रोशीत कोणी देत नाही.

आता परीक्षा. कादंबरी चांगली की वाईट हे मी माझ्या मतानं ठरवत नाही, माणसाच्या मताचा काय भरवसा? मी जुडी पाहतो. कंटाळवाणा मजकूर चालू असला की बायकांचं सगळं लक्ष हातांत असतं, तेव्हा जुड्या बारीक आणि एकसारख्या होतात. गोष्टीत संकट आलं की हात मेथी घेत राहतात आणि थांबायचं विसरतात, मग एकेक जुडी उशीएवढी होते. आणि रडू आलं तर पदर डोळ्यांशी जातो आणि जुडी होतच नाही. याहून सरळ परीक्षा तुमच्या शहरातल्या विद्वानांकडे असेल तर कळवा.

तिसरा नंबर ‘अंधारगडचे शाळकरी हेर’. चार मुलं सुट्टीत एका किल्ल्यावर चोरांची टोळी पकडतात. लेखकानं चोर शेवटपर्यंत लपवला आहे, पण आईनं तो दुसऱ्याच दुपारी ओळखला. ‘मिशीवाल्या मुनिमाले किल्ल्यावर काई कामच नाई, मंग लेखकानं त्याले आनला कायले?’ एवढंच ती म्हणाली आणि पालक ओढून बसली. त्यानंतर कोणाला भीती वाटेना. जुड्या एकीसारखी एक, धंदा उत्तम. ज्यांची भाजीची दुकानं आहेत त्यांच्यासाठी ही कादंबरी मागवावी.

दुसरा नंबर ‘सात डोळ्यांचा डोंगर’. यातला डोंगर सगळं राज्य पाहत असतो, आणि राजपुत्राला त्याचे डोळे एकेक करून मिटवायचे असतात. चौथ्या डोळ्यापर्यंत जुड्या बऱ्या होत्या. पुढे ज्या झाल्या त्या घेऊन माझा चुलतभाऊ हिरालाल बाजारात बसला, तर बायकांची झुंबड उडाली आणि ऊन चढायच्या आत टोपली रिकामी झाली. हिरालालला वाटलं आपल्या बोलण्याला यश आलं. खरं कारण पुढे फुटलं, आणि तेव्हापासून बाजारातल्या बायका दुरूनच विचारतात, ‘कावो, आज किती डोये मिटले?’ आणि उत्तर ऐकून भाजी घ्यायची की नाही ते ठरवतात. या कादंबरीत एक दोष आहे. कोरड्या विहिरीला मंत्रानं पाणी आणणारा राजपुत्र आठव्या प्रकरणात तहानेनं बेशुद्ध का पडतो, हा आईचा प्रश्न लेखकापर्यंत पोचवता आला तर पोचवा. ती अजून उत्तराची वाट पाहत आहे.

पहिला नंबर, आणि यात वादाला जागा नाही, ‘निळ्या आयाळीचा घोडा’. एक अनाथ मुलगी नदीवरच्या धुक्यातून घोडा घडवते. ती मागेल ते घोडा जादूनं करतो, पण दर वेळी त्याच्या निळ्या आयाळीतली एक बट पांढरी होते, आणि सगळी आयाळ पांढरी झाली की घोडा संपला. मुलगी स्वतःसाठी काही मागत नाही, गाव मागतं. (हे वाचताना मला आपल्या सोसायटीच्या बैलाची आठवण झाली, पण ते असो.) या सोमवारी दुपारी आम्ही शेवटून दुसऱ्या प्रकरणाशी पोचलो. गावाला पुरानं वेढलेलं, आयाळीत एकच निळी बट उरलेली, आणि मुलीनं घोड्याच्या मानेवर हात ठेवला. मी थांबलो. हुंकारा येईना. पाहतो तर जिजाबाई मेथीची मूठ छातीशी धरून मुकाट्यानं रडत होती.

मी पुस्तक मिटलं आणि सहज म्हणालो, ‘घोडा मरत नाई.’

‘तुमाले कसं मालूम?’ ती म्हणाली. मी इंजिनाकडे पाहिलं. इंजिन बंद होतं. ‘तुमी म्होरचं वाचून ठेवलं,’ ती म्हणाली, ‘मले सोडून.’ आवाज चढला नाही, आणि तेच वाईट. तिनं हातातली जुडी बांधली, हात धुतले आणि दुसऱ्या दिवशी पिशवीत लुगडी व त्यांच्यावर ते पुस्तक ठेवून अकोल्याची एस.टी. धरली. जाताना एवढंच म्हणाली, ‘राह्यलेलं मी बापूकून वाचून घेईन.’ मला वाटलं आई माझी बाजू घेईल. आई म्हणाली, ‘इंद्र्या, पोथी कोनी एकट्यानं आटपते का?’ गोमतीबाई तर दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

माझी बाजू साधी आहे आणि ती तुम्ही तिला पटवून द्यावी. अंधारात शेताच्या धुऱ्यावरून चार माणसं जात असली तर एकानं कंदील घेऊन पुढे व्हावंच लागतं. म्हणून पुढचा माणूस कोणाला सोडून गेला असं होत नाही. शिवाय कादंबरीचा शेवट इतका उत्तम आहे की तो आधी कळला तरी गोडी जात नाही. मालकाला बिनधास्त सांगा, असा शेवट या वर्षात दुसरा झाला नाही.

ती गेल्यापासून मी दुसरं पुस्तक सुरू करून पाहिलं. आई मानच वर करत नाही. गोमतीबाई हुंकारा देतात, पण राजकन्या बुडाली तरी ‘हं’ आणि राजानं जेवण केलं तरी ‘हं’. अर्ध्या पानावर मी थांबलो. मला करमत नाही बापूराव, हे सरळच लिहितो. मुलंसुद्धा घरात हळू बोलतात. जुड्या मात्र फार सुबक होत आहेत.

लोभ आहेच, तो तुमच्या बहिणीच्या कानावर घालावा.

तुमचा,
इंद्रभान

ता. क. – हे पत्र हिरालाल घेऊन येत आहे. परतताना त्याच्याबरोबर पुस्तक पाठवून द्या. तुमच्या बहिणीला सोबत यायचं असेल तर हिरालाल तिच्यासाठी खिडकीजवळची जागा धरील.

पुन्हा ता. क. – पुस्तक राहू द्या. तिला पाठवा.

आणखी एक, आणि हे मात्र तिला वाचून दाखवू नका. तुम्हाला रविवारशिवाय सवड नसते, तेव्हा राहिलेलं प्रकरण ती रविवारीच वाचून घेईल. बापूराव, तो शेवट मी वाचलेला नाही. एक ओळही नाही. वर शेवटाबद्दल जे लिहिलं ते सगळं अंदाजपंचे. ती रडत होती, मला पाहवेना, म्हणून घोडा मरत नाही असं मी ठोकून दिलं. नंतर खरं सांगायला गेलो असतो तर ती म्हणाली असती, ‘म्हंजे मरूबी शकते?’ त्यापेक्षा माझ्यावर रागावलेली बरी. तर रविवारच्या आत तुम्ही एकटे बसून शेवट वाचून काढा. घोडा जगत असेल तर प्रश्नच नाही. मरत असेल, तर तिला वाचून दाखवताना जगवा. आणि मलाही तसंच कळवा.