अग्रलेखातला तरुण

२ मे १९५६, बुधवार
आज सकाळी इब्राहिमने वर्गात हात वर केला, आणि तिथून माझं सगळंच फिरलं.
सुटीत मॅट्रिकच्या मुलांना निबंध शिकवतो. जागा तात्यांच्या छापखान्यामागची, फुकट. बदल्यात त्यांच्या साप्ताहिकाची प्रुफं तपासायची. वाचायला मुलांना खराब छापलेले ताव. आज गेल्या शनिवारचा अग्रलेख दिला : मुलींना मुंबईच्या कॉलेजात धाडू नये, वसतिगृहात राहून हाताबाहेर जातात वगैरे. म्हटलं, सारांश काढा.
इब्राहिम बंदरावरच्या मिरकरवाड्याचा. म्हणाला, "सर, काढतो. पन ह्यांनी अशा पोरी बघितल्यान किती?"
मुलं हसली. मला हसू येईना. हा लेख मीच तपासलाय! सुधा, म्हणजे तात्यांची थोरली, मूळ प्रत मोठ्याने वाचते, स्वल्पविराम-पूर्णविरामासकट. मी प्रुफावर बोट ठेवून ऐकतो. तिच्या आवाजात असा बुडालो होतो की चुका एकूण एक सापडल्या, लेख तेवढा वाचायचा राहिला.

४ मे
सारांश बंद. नवा खेळ काढलाय. प्रत्येक वाक्याशेजारी पेन्सिलीने लिहायचं : हे बघितलेलं, ऐकलेलं, की नुसतं वाटलेलं?
सुरुवात दंतमंजनाच्या जाहिरातीपासून. मंदा म्हणाली, "तो माणूस दात पांढरे झाले म्हणून हसतोय, की हसायचे पैसे मिळाले म्हणून?" काय डोकं आहे पोरीचं!
मुंबईला कॉलेजात मी असंच विचारलं तर प्रोफेसरांनी वर्गाबाहेर काढलं. मी पुस्तक भिरकावलं, संध्याकाळी सामान बांधलं, आणि बोटीने सरळ घरी. तो विषय नको.

६ मे, रविवार
सु.ला खेळ सांगितला. डोळे चमकले तिचे. मग म्हणाली, "आमच्याच घराला लावून बघा की."
तिला डॉक्टर व्हायचंय. इंटर सायन्स झालं, पुढे मुंबईच. तात्या नको म्हणतात. तरीच! तो अग्रलेख गावासाठी नव्हता, घरातल्या एका मुलीसाठी होता.
"तुम्हांला काय वाटतं, वसंतराव?"
म्हटलं, "मुंबईची हवा फार दमट."
"आणि रत्नागिरीची कोरडी वाटतं?"
गाढव आहे मी.

९ मे
मंदाने आज नवाच प्रश्न काढला : लिहिणाऱ्याला हे खरं ठरायला हवंय का? त्याचा काय फायदा? फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिला. इब्राहिम म्हणतो, हाच पहिला विचारायला हवा, मग बाकीचं.
घरी येताना सहज स्वतःला लावून बघितला. सु. इथेच राहावी असं कुणाला हवंय? मला. म्हणूनच तो लेख भिकार आहे हे कळूनही त्यातला थोडासा भाग मला पटत होता. वसतिगृहाचा. आधी चडफडलो. मग गंमत वाटायला लागली. आपणच आपल्याला असं रंगेहाथ पकडता येतं! अजून काय काय सापडेल…
पावसाळ्यासाठी बोटी बंद व्हायला आता फार दिवस नाहीत. जायचं तर तिला त्याआधी.

११ मे, शुक्रवार
उद्याच्या अंकाची प्रुफं. तात्या खुर्चीत, सु. वाचतेय, माझं बोट कागदावर.
"आमच्या परिचयातला एक बुद्धिमान तरुण मुंबईच्या कॉलेजात गेला स्वल्पविराम आणि शिक्षण अर्ध्यावर टाकून परत आला पूर्णविराम मुलग्याची ही गत स्वल्पविराम तर मुलीची काय…"
प्रश्नचिन्ह तिने म्हटलंच नाही.
पुरावा म्हणून मी!
तात्या हसले. "नाव घातलं नाहीये हो, प्रोफेसर."
"तात्या, मी कॉलेज सोडलं ते माझं डोकं तापलं म्हणून. मुंबईचा काय दोष?"
"परत आलात की नाही?"
"आलो. पण मी आलो म्हणून सुधाही येईल, हे कशावरून?"
"माझ्याच जागेत बसून पोरांना हे शिकवताय होय! बरं. मग धाडू म्हणता तिला?"
सु. माझ्याकडे बघत होती. नाही म्हणायचीही गरज नव्हती. नुसतं गप्प बसलो असतो तरी ती इथेच राहिली असती.
"धाडा," म्हटलं.
"सोमवारपासून खोली मोकळी करा."
सु.ने प्रत टेबलावर ठेवली. "बाबा, एवढा मजकूर गाळा. नाहीतर पुढचं मी वाचणार नाही."
तात्यांनी प्रत स्वतःकडे ओढली. पलीकडे यंत्र खोळंबलेलं. काय म्हणतात ते ऐकायची फार इच्छा होती. पण ते आता त्या दोघांचं होतं. मी मध्ये उभा असतो तर तात्या मलाच उत्तर देत बसले असते.
पेन्सिल ठेवली, बाहेर पडलो आणि दार ओढून घेतलं.