सुनीतीबाईंच्या संचातली घासलेली पट्टी

मी, निनाद हेमचंद्र सबनीस, वय वर्षे अठ्ठावीस, व्यवसाय किचनची कपाटे बनवणे व बसवणे, राहणार टूनगॅबी, सिडनी, माझ्या मागे माझ्या वस्तूंचे काय करावे ते या कागदावर लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. उजव्या कानाच्या आत गाठ आहे, पण तिचा विचारशक्तीवर परिणाम नाही, असे डॉक्टरांनी लेखी दिले आहे. ते पत्र सोबत जोडले आहे. हे लिहायला मला कोणीही भाग पाडलेले नाही. उलट माझी चुलत बहीण मयूराताई फोनवर म्हणाली, "अरे, ऑपरेशनला चाललायस, काशीला नाही." ऑपरेशन येत्या गुरुवारी आहे. शंभरातला एखादा दगावतो, असे संमतिपत्रात छापले आहे. त्या एखाद्याची सोय म्हणून हे मृत्युपत्र.

दिनांक १४ ऑक्टोबरचा माझा कच्चा खर्डा रद्द समजावा. तो का रद्द केला ते कलम सहामध्ये येईल.

१. या मृत्युपत्राची अंमलबजावणी मयूराताईने करावी. ती टूवूंबाला नर्स आहे आणि याद्या पाळते. तिला गाडीने यायला बराच वेळ लागेल, म्हणून घरमालकांनी खोली लगेच रिकामी करून मागू नये.

२. बँकेत जे असेल ते आईबाबांना द्यावे. बाबांनी मला इथे आयटी शिकायला पाठवले होते. दोन सेमिस्टरनंतर मी कोर्स सोडला आणि सुतारकामाची अप्रेंटिसशिप धरली, हे त्यांना आठ महिने सांगितले नाही. अवघड गोष्ट सांगायची असली की मी आधी ती मनात नीट जुळवत बसतो, आणि तोवर उशीर झालेला असतो. याबद्दल बाबांनी मला कधी बोलून दाखवले नाही. तशी नोंद व्हावी.

३. माझी हत्यारे शंतनूला द्यावीत. तो माझ्याबरोबर काम करतो. पटाशांना धार त्याने दगडावरच लावावी, मशीनवर नाही. त्याला हे चारदा सांगून झाले आहे. कानशींच्या पाकिटात अर्धगोल कानशीची जागा रिकामी दिसेल. ती हरवलेली नाही, मी टाकून दिली आहे.

४. माझी पितळी टिन व्हिसल, म्हणजे आयरिश लोकांची सहा भोकांची छोटी बासरी, माझा हाउसमेट वरुण याला द्यावी. २०२३ च्या जूनमध्ये ती वापरून त्याने प्रोटीन शेक ढवळला. विचारल्यावर म्हणाला, "धुतली ना यार, नो वरीज." ती त्याच्याकडेच राहावी आणि तिच्याकडे पाहून त्याला काही वाटावे, एवढाच हेतू.

५. डॉ. सुनीती बेहेरे यांच्या वह्या आणि ध्वनिमुद्रणे असलेली दोन खोकी बाईंच्या वादनगटातल्या लताला द्यावीत. बाई कोण होत्या हे घरच्यांना माहीत नाही, म्हणून इथे लिहितो.

बाई मूळच्या सांगलीच्या. सतार शिकल्या, मग आयर्लंडला जाऊन तिथल्या फिडलवर पीएच. डी. केली. त्यानंतर दोन वर्षे इंडोनेशियात बांडुंगला सुंदा लोकांचे संगीत शिकल्या आणि येताना देगुंगचा पूर्ण संच घेऊन आल्या. देगुंग म्हणजे काशाच्या पट्ट्या, वाडगे आणि घंटा यांचा वाद्यमेळ. बाईंनी तो पाक उजांग नावाच्या कारागिराकडून करवून घेतला, आणि तो पट्ट्या घासून सूर लावत असताना अकरा दिवस त्याच्या शेजारी बसल्या. नंतर इथल्या एका विद्यापीठात त्यांनी बावीस वर्षे दोन्ही संगीते शिकवली. "मराठी बाई ऑस्ट्रेलियात आयरिश शिकवते, हे कसं काय?" असे लोक विचारत. बाई म्हणत, "मला कोणी अडवलं नाही म्हणून." पुढे विद्यापीठाने कोर्स बंद केला आणि संच लिफ्टजवळ ठेवला, वर 'न्यायचे असल्यास न्या' अशी चिठ्ठी लावली. बाईंनी भाड्याच्या ट्रेलरने चार खेपांत तो टूनगॅबीच्या आपल्या घराच्या गॅरेजमध्ये आणला. त्या विद्यापीठाने पुढेमागे स्मृतिप्रदर्शनासाठी या खोक्यांतले काही मागितले, तर देऊ नये.

त्या गॅरेजमध्ये मी २०२१ साली फळ्या मारायला गेलो. काम दोन दिवसांचे होते. तिसऱ्या दिवशी बाई म्हणाल्या, "हात जपून लावतोस. शनिवारी ये." मंगळवारी आयरिश आणि शनिवारी देगुंग असा गटाचा सराव असे. बूट बाहेर काढायचे, वाद्य ओलांडून जायचे नाही, चाल तोंडात बसेपर्यंत कागदाला हात लावायचा नाही.

६. हे कलम सुनीतीबाईंच्या देगुंग संचाबद्दल आहे. बाई मार्च २०२४ मध्ये वारल्या. त्यांच्या मृत्युपत्रात वाक्य आहे: "संच निनादला द्यावा, कारण आमच्या गटात त्याच्याइतका जपणारा कोणी नाही." ते खरे नव्हते.

एप्रिल २०२२ मध्ये बाई तीन आठवडे आयर्लंडला गेल्या. पट्ट्यांखालची रबरे बदलायची म्हणून गॅरेजची किल्ली माझ्याकडे होती. दुसरी प्रतापकडे होती. प्रताप कॅसल हिलचा, सॉफ्टवेअरमधला, सारोन हे पट्ट्यांचे वाद्य तोच वाजवायचा. आदल्याच शनिवारी तो सर्वांसमोर म्हणाला होता, "बाई, ही शेवटची पट्टी जरा वर बोलते हो. एकदा कानस मारून टाकू या का हिला?" सगळे हसले. मीही हसलो, पण ते माझ्या डोक्यात राहिले.

मंगळवारी आम्ही व्हिसल फोनवरच्या ट्यूनरला लावून घ्यायचो, काटा मधोमध येईपर्यंत. मी तोच फोन त्या पट्टीपुढे धरला. खालच्या सप्तकातल्या तिच्या जोडीदार पट्टीच्या मानाने ती खरोखर चढी होती. मला वाटले, पाक उजांगची चूक राहून गेली आहे आणि बाई संकोचाने बोलत नाहीत. पट्टी उलटी केली आणि मधोमध अर्धगोल कानशीने चाळीस मिनिटे घासली. काटा मधोमध आला. मला समाधान वाटले.

बाई परत आल्या, सारोनवरून एकदा हात फिरवला आणि थांबल्या. मग जे सांगितले ते मला तोवर माहीत नव्हते. सुंदा संचात वरच्या पट्ट्या मुद्दाम चढ्या ठेवतात, त्यामुळे त्या बाकीच्यांत बुडत नाहीत. किती चढ्या, ते प्रत्येक कारागीर आपल्या कानाने ठरवतो. "मंगळवारी तुम्ही जगाशी जुळवून घ्यायचं," बाई म्हणाल्या. "शनिवारी हा संच एकमेकांशी जुळलेला आहे. त्याचं जगाशी काही देणंघेणं नाही." टोके घासून सूर परत चढवता येतो, पण पट्टी आणखी पातळ होते आणि आवाज कोरडा पडतो. बाईंनी ते करू दिले नाही.

"कोणी केलं?" असे त्यांनी विचारलेच नाही. त्यांनी प्रतापकडे पाहिले.

"बाई, मी नुसतं बोललो होतो," तो म्हणाला.

"किल्ली तुझ्याकडे होती."

"म्हणून काय? जोक होता तो."

"प्रताप, शनिवारी येत जाऊ नकोस आता."

गॅरेजमध्ये सात जण होतो. मी दाराजवळ होतो. माझ्याकडची किल्ली खिशात होती आणि ती कोणाला आठवली नाही. मला वाटले, बाई जरा शांत झाल्या की सांगू. पुढच्या शनिवारी वाटले, आता सांगितले तर आठवडाभर का नाही सांगितले हे विचारतील. असे जवळजवळ दोन वर्षे चालले, आणि मग बाई वारल्या.

१४ ऑक्टोबरच्या खर्ड्यात मी हे सर्व लिहून पुढे लिहिले होते: "म्हणून माझ्या मृत्यूनंतर हा संच प्रतापला द्यावा." ते चारदा वाचले. शुद्धलेखनात एकही चूक नव्हती. पण माझे ऑपरेशन नीट झाले तर हा कागद पुन्हा कपाटात जाणार, हे पाचव्यांदा वाचताना लक्षात आले.

रविवारी, २६ तारखेला, मी कॅसल हिलला गेलो. दार प्रतापच्या मुलीने, स्वरदाने उघडले. तिने आत ओरडून सांगितले, "डॅड, देअर्स अ गाय. ही लुक्स सिक." प्रताप मागच्या अंगणात बार्बेक्यूची जाळी खरवडत होता. मी हे कलम उभ्याने वाचून दाखवले. तो खरवडत राहिला. संपल्यावर म्हणाला, "किल्लीचा भाग परत वाच."

वाचला.

"म्हणजे तू मेल्यावर मला हे पोस्टाने कळणार होतं."

"हो."

"आणि मग मी कोणावर भडकायचं, मेट? तुझ्या फोटोवर?"

मी कागदाची घडी घातली.

"बाईंच्या फ्युनरलला मी पार मागे, पार्किंगच्या बाजूला उभा होतो. तू खांदा दिलास. आठवतंय?"

"आठवतंय."

"त्या गेल्या ना, मी केलं असं समजून."

"हो."

त्याने जाळी खाली ठेवली आणि हात धुऊन आला. "तुझं विल नको मला. द्यायचं तर आज दे. आणि शनिवारी सगळ्यांसमोर तोंडाने बोल, कागद न वाचता. जमेल?"

जमेल असे मी म्हणालो. खात्री नव्हती.

त्याच दुपारी माझ्याकडे ठेवलेला संच ट्रेलरमध्ये चढवला. दोन खेपांत प्रताप मला "उचल", "डावीकडे" आणि "पट्टा आवळ" याव्यतिरिक्त काही बोलला नाही. घासलेली पट्टी त्याने स्वतःच्या टॉवेलमध्ये गुंडाळून पुढच्या सीटवर ठेवली.

काल, शनिवारी, त्याच्या गॅरेजमध्ये गटातले सगळे जमले होते. मी बोललो. दोनदा अडलो. लता म्हणाली, "तीन वर्षं आपण त्याला साधा फोन केला नाही रे." विक्रांत बाहेर जाऊन उभा राहिला आणि बऱ्याच वेळाने आत आला. प्रताप सारोनपुढे बसला होता. त्याने शेवटची पट्टी एकदा वाजवून पाहिली, मग ती वगळून चाल वाजवली. मला बस म्हणाला नाही आणि जा म्हणाला नाही. मी बसलो. त्याने मला माफ केले आहे असे मी इथे लिहीत नाही, कारण मी विचारलेले नाही.

तेव्हा देगुंग संच आज माझ्या मालकीचा नाही आणि या मृत्युपत्राने त्याची कोणतीही वाटणी होत नाही. माझ्या नातेवाइकांपैकी कोणीही बाईंच्या मृत्युपत्राचा आधार घेऊन त्यावर हक्क सांगू नये.

७. अंत्यविधी विजेच्या दाहिनीत, कामाचा दिवस टाळून करावा. बाईंच्या वह्यांत मिळेल ते काहीही वाजवावे किंवा वाजवू नये. वाजवणाऱ्यांनी ट्यूनर वापरू नये.

८. इथल्या कायद्याप्रमाणे मृत्युपत्रावर दोन साक्षीदार लागतात, आणि ज्याला त्यातून काही मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये, नाहीतर त्याचे दान अडचणीत येते. म्हणून लताला सही करता येत नाही. विक्रांत हो म्हणाला. दुसरा कोण, हे कालपर्यंत ठरले नव्हते. मी गॅरेजमधून निघताना प्रतापने विचारले, "मला त्या कागदातून आता काही मिळतंय का?" मी म्हणालो, "नाही." तो म्हणाला, "मग उद्या दोनला येतो. पेन तुझं."

वरील सर्व मजकूर मी स्वतःच्या हाताने लिहिला आहे, साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवला आहे, आणि तिघांनी एकमेकांसमक्ष सह्या केल्या आहेत.

सही: निनाद हेमचंद्र सबनीस

साक्षीदार पहिला: विक्रांत आपटीकर, वेंटवर्थव्हिल

साक्षीदार दुसरा: प्रताप नाडगौडा, कॅसल हिल. कलम सहा खरे आहे. मी ते त्याच्या तोंडून ऐकले.

स्थळ: टूनगॅबी, न्यू साउथ वेल्स
दिनांक: २ नोव्हेंबर २०२५, रविवार, दुपारी दोन वाजून वीस मिनिटे