गोळीवरचा चहा

आये, आज तुझ्यावर लई राग आलाय. तू जाऊन दहा वर्षं होत आली, राग मात्र कालपासूनचा आहे.

काल हितं वापीत, आमच्या टॉवेलच्या कारखान्यात, तपासणीचा कॅम्प होता. माझं रक्त कमी निघालं. डॉक्टरीणबाई मराठी बोलणाऱ्या. विचारलं, "जेवल्यावर लगेच चहा घेतोस?" म्हटलं, "घेतो की. आमच्यात सगळेच घेतात." तर म्हणाल्या, "मग भाकरी कुणासाठी खातोस?" मग समजावलं. चावलेला घास पोटात घुसळून पातळ होतो, पुढं लहान आतड्यात सरकतो. त्या आतड्याला आतून आपल्या टर्किश टॉवेलासारखी बारीक लव असते. अन्नातलं सत्त्व ती टिपते, रक्तात सोडते. पण जेवणावर चहा ओतला, की तो अन्नातल्या लोहाला धरून बसतो. लवेला ते टिपताच येत नाही, बरंचसं तसंच बाहेर पडतं. पोट भरतं, अंगाला लागत नाही.

तू तेच केलंस की! अजून दिसतेस मला. मांडीवर विड्या वळायचं सूप, आम्हाला वाढून टोपल्यात उरलेली अर्धी भाकरी, ती पण चहात बुडवून, न चावता गिळतेस. मी म्हणायचो, "आये, कालवण घे की." तू म्हणायचीस, "गप रं. चहा असला म्हंजे मला जेवान कशाला लागतंय?" वर हसायचीस. कसलं हसणं ते! नखं पांढरीफटक, चार पायऱ्या चढलीस की धाप. गल्लीत येणाऱ्या नर्सबाईंनी रक्तवाढीच्या लाल, लोहाच्या गोळ्या दिल्या, तर त्याही चहाबरोबर. "पाण्यानं मळमळतंय," म्हणे. शेजारणींनाही तीच अक्कल शिकवलीस. आप्पांनी एकदा सूप ओढून घेतलं, "आधी नीट जेव." तर नवऱ्याच्याच अंगावर धावलीस, "मग ह्या विड्या काय तुमी वळणार हाय?" कुणाचं ऐकायचंच नाही, ही कसली खोड? दवाखान्यात म्हणाले, "अंगात रक्तच नाही," तेव्हा आम्ही घरातली गोळ्यांची पाकिटं काढून बघितली. ती तर सगळी रिकामी होती. एवढ्या गोळ्या गेल्या कुठं, ते मला काल कळलं.

शाळा सुटली माझी. आप्पांनी बोलणं सोडलं. एका कपासाठी, आये!

हा कागद कुठं पोस्टात टाकणार नाही, म्हणून एवढं लिहितो. तू विड्यांची पानं-तंबाखू आणायला गेली होतीस तेव्हा नर्सबाईंनी मला दारात गाठलं होतं. "आईला सांग, गोळीवर चहा नको, लिंबूपाणी घे म्हणावं." का नको ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. नुसतं व्हय म्हटलं. तुला सांगितलं नाही. चहापुरतेच तुझे हात विड्यांतनं मोकळे व्हायचे, आणि बशीतला अर्धा चहा माझा असायचा.