संघदीपचा अम्हारिक करार

४ फेब्रुवारी, राळेगाव

बाबुलालची किळस आली. ह्याच एजंटनं माझ्या नवऱ्याले कापसाच्या जिनिंगचा फिटर म्हणून इथिओपियाले धाडलं. दोन वर्षांसाठी गेलता, आता चौथं लागलं. संघदीप फोनवर म्हणते, "नव्या करारावर सही घेतली, तिथल्या अम्हारिक भाषेत. काय लिहिलं मले का समजते? कंपनीवाले सोडून नाही राह्यले." त्या कराराचे फोटो बाबुलालले दाखवले. तंबाखूचा खर्रा थुंकून म्हणे, "एकटीच पडली ना तू? काही लागलं तर सांगत जाय." पायातली चप्पल पायातच राह्यली, याचाच राग येते.

७ फेब्रुवारी

वकील म्हणाले, आधी कराराचं शिक्का मारलेलं इंग्रजी भाषांतर आणा, मग कंपनीले नोटीस देऊ. नागपूरले गेली. भाषांतराच्या ऑफिसातली बाई कागद न पाहताच म्हणे, "होऊन जाईल."

१३ फेब्रुवारी

झालं. 'कामगार' पाहिजे तिथं 'बैल' — बैलानं मालकाले विचारल्याशिवाय जाऊ नये! त्या बाईनं मोबाईलमधून भाषांतर काढलं अन् वर शिक्का मारला. वकिलाले दाखवलं, तर हसले. "चालवून घेऊ. इथं कोण अम्हारिक वाचते?" माझा माणूस बैल झाला अन् ह्यांले चालते. तिथंच फाडलं.

१४ फेब्रुवारी

जेवण गेलं नाही. सासूबाई म्हणाल्या, "दीपा, तू उपाशी राह्यल्यानं तो लवकर येईन का, बाई?"

१९ फेब्रुवारी

अकोल्यात इथिओपियाचे एक जण पीएच.डी. करतात — दावित. आज भेटले. मोडक्यातोडक्या इंग्रजीत सगळं सांगतलं. ते म्हणाले, "कायद्याचे शब्द मले जमणार नाहीत. चुकलं तर तुमचं नुकसान." इतक्या दिवसांत पहिल्यांदा कोणी नाही म्हटलं, अन् बरं वाटलं. त्यांची बहीण हिरुत अदिस अबाबात कायद्याच्या भाषांतराचंच काम करते. तिले करार धाडला.

२६ फेब्रुवारी

भाषांतर आलं. करारात लिहिलं आहे, एक महिना आधी कळवलं तर कामगार केव्हाही जाऊ शकते. म्हणजे कंपनी खोटं सांगून त्याले डांबून ठेवते. थू! हिरुत म्हणाली, "मीच त्यांना फोन करून समजावते." संघदीपचा नंबर दिला.

२७ फेब्रुवारी

हिरुतचा फोन आला. म्हणाली, संघदीप तिच्याशी अम्हारिकमध्येच बोलला, सराईत. तिनं सांगतलं, "तुमच्या बायकोसाठी फोन केला."

तो म्हणे, "ती इथंच आहे. देऊ का?"