आतल्या खोलीतली गौरा

रविवार, १६ नोव्हेंबर
आले एकदाची जव्हारला. नाशिकहून त्र्यंबक, मोखाडा करत एसटीने सगळी सकाळ गेली. घाटात शेजारच्या बाईंनी माझ्या खांद्यावर डोकं टाकून छान झोप काढली. उद्यापासून चष्म्याच्या नव्या दुकानात डोळे तपासायचं काम सुरू. सत्ताविसाव्या वर्षी आईच्या नजरेआड राहायला मिळतंय आणि मला त्याचा आनंद झालाय. हे तिला सांगितलं तर डोळ्यांत पाणी आणेल, म्हणून इथे लिहिते.

जागाही मनासारखी मिळाली. शिरपामाळाच्या रस्त्याला गोवर्धनकाका आणि आशालताकाकूंचं स्लॅबचं घर आहे. मागच्या बाजूला माझी खोली, मोरी आणि वेगळं दार. काका कचेरीतून निवृत्त झालेत, दिवसभर अंगणातल्या कुंड्या इकडच्या तिकडे करतात. काकूंनी आल्या आल्या नागलीची भाकरी आणि कुळथाचं पिठलं वाढलं. एकच गोष्ट बजावली. माझ्या खोलीतून त्यांच्या घरात जाणारं जे बंद दार आहे, त्याच्या पलीकडे त्यांची मुलगी गौरा असते. तिची तब्येत बरी नसते. ते दार उघडायचं नाही. मी म्हटलं, मी कशाला उघडेन.

बुधवार, १९ नोव्हेंबर
दुकानात चैतन्यदादा गिऱ्हाईक सांभाळतात आणि मी नंबर काढते. दादा पंचेचाळिशीचे, बोलके. भात कापून झालंय, त्यामुळे खेड्यापाड्यांतली माणसं कामासाठी भिवंडी-ठाण्याकडे, काही नाशिककडे निघालीत. इकडे त्याला जगायला जाणं म्हणतात. जीपच्या टपावरसुद्धा माणसं आणि भांड्यांची बोचकी. आज वांगणीची वेणूआजी आली होती. लेकासोबत वीटभट्टीवर जायच्या आधी तिला चष्मा हवाय. अक्षर येत नाही, म्हणून तिला तीन काड्यांच्या चित्रांची पाटी दाखवली. काड्या कुठल्या बाजूला आहेत ते बोटांनी दाखवायचं. आजीने सगळ्या आकाशाकडे दाखवल्या. नंबर भलताच मोठा निघाला. चष्मा दहा दिवसांनी मिळेल.

गाव लहान आहे हे पदोपदी कळतं. बाजारातून अर्धा किलो वांगी घेतली, घरी पोचले तर काकूंना आधीच माहीत, आणि महाग पडली हेही.

दुपारी जेवायला घरी आले तेव्हा गौरा दाराआडून बोलली. आवाज बारीक, बरेच दिवस न वापरल्यासारखा. नाशिकची गाडी अजून त्याच फलाटावर लागते का, एवढंच तिने विचारलं.

सोमवार, २४ नोव्हेंबर
रोज दुपारी आमच्या गप्पा होतात. म्हणजे मीच बोलते. इथे मला आहे कोण? दाराला पाठ लावून डबा खाते आणि ती पलीकडून विचारत राहते. घरी कोण कोण, आई काय काम करते, चहात आलं घालते की वेलची, मला रागावते तेव्हा काय म्हणते. बाबांच्या आजारपणाबद्दलही सांगितलं. शेवटच्या सकाळी त्यांनी मला दुधाची पिशवी आत घे म्हटलं आणि मी परत येईपर्यंत ते गेले होते. हे मी आईखेरीज कुणाजवळ बोलले नव्हते.

मग तिने दुधाच्या पिशवीचं ते सगळं वाक्य माझ्यासारखं म्हणून दाखवलं. आवंढा गिळलेला तोसुद्धा. मला हसू आलं, तर तीही हसली, अगदी माझ्यासारखीच.

काकूंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, चार वर्षांत हसली नव्हती, तुझा पायगुण चांगला.

शनिवार, २९ नोव्हेंबर
वेणूआजीचा चष्मा आला. मी तिच्या कानांमागे दांड्या नीट बसवल्या. तिने पाटीकडे पाहिलं आणि काड्या बरोबर दाखवल्या. मग माझ्याकडे पाहिलं आणि तिचं तोंड उतरलं.
“गौराबाय, तू कवा भाहेर आलीस गं? आशालताबाई कुठंय?”
मी म्हटलं, आजी, मी नाशिकची, मीच तर तुमचा नंबर काढला. तिने चष्मा काढून पाहिलं, परत घालून पाहिलं. मग माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि निघून गेली. चैतन्यदादा म्हणाले, म्हातारं माणूस, मनावर घेऊ नका.

मंगळवार, २ डिसेंबर
आज तिघांनी गौरा म्हणून हाक मारली. दूधवाला, औषधांच्या दुकानातल्या बाई, आणि भाजीवाली हौशी, जिच्याकडून मी दोन आठवडे रोज भाजी घेतेय. हौशीने तर पैसेच घेतले नाहीत. म्हणाली, बरी झालीस तेच पुष्कळ, पण उन्हातान्हाची फिरू नको.

दुकानातल्या आरशात चारदा बघितलं. मीच आहे. आरशात मीच आहे.

दाराआडून आता आवाज येत नाही. मी दोनदा हाक मारली. आतून कुणीतरी माझंच गाणं गुणगुणत होतं, आंघोळीच्या वेळी मी म्हणते ते.

शुक्रवार, ५ डिसेंबर
दुपारी घरी आले तर मधलं दार सताड उघडं. पलीकडे कोणी नाही. लोखंडी पलंग, घडी घातलेली गोधडी, खिडकीला जाड गज. भिंतीवर बसलेल्या माणसाच्या उंचीला एक तेलकट डाग, रोज डोकं टेकून बसल्यासारखा. माझ्या खोलीतून माझी बॅग गेली, चार्जिंगला लावलेला फोन गेला, दोरीवरचे कपडे गेले. फक्त ही वही राहिली, ती दुकानात नेते त्या पर्समध्ये होती.

काकूंना विचारलं, गौरा कुठे गेली. त्यांनी पदराने माझा घाम पुसला.
“कुठे जाशील बाळा तू? भाडेकरू मुलगी गेली सकाळच्या गाडीने. भली होती. जाताना पाया पडून गेली.”

शनिवार, ६ डिसेंबर
पहाटे उजाडताच निघाले. एसटी स्टँडवर कंडक्टरने गाडीत चढूच दिलं नाही. काकांना फोन लावतो, तोवर इथे बस, म्हणाला. मी पळाले. मोखाड्याच्या रस्त्यावर जगन नावाच्या ड्रायव्हरची जीप मिळाली. जगायला निघालेल्या माणसांत दाटीवाटीने बसले, डोक्यावरून ओढणी. सगळी चालली होती, लेकरं, कोंबड्या, तांदळाची गाठोडी. मीही सुटले असं वाटलं.

मोखाड्यात चहाला थांबले तेव्हा जगनने मला नीट पाहिलं. मग सगळ्यांना खाली उतरवलं. कुणी कुरकुरलं नाही. पोटुशी गंगी नावाची बाई होती, तीही मुकाट उतरली, मला म्हणाली, आई वाट बघत असंल तुझी, जा. जगनने एकटीला बसवून जीप फिरवली. भाडं मागितलं नाही. सगळ्या रस्त्याने समजावत होता, अगदी मायेने.

इथे कुणी वाईट वागत नाही. ओरडायचं कुणावर?

रविवार, ७ डिसेंबर
काकूंची नजर चुकवून दुकानात गेले. चैतन्यदादांच्या पाया पडले तेव्हा त्यांनी फोन दिला. तेही आता मला गौराच म्हणतात. आईचा नंबर लावला. म्हटलं, आई, मी किमया.

आई म्हणाली, कोण बोलतंय? किमया परवाच आली. इथे जेवायला बसलीय.

मागून आवाज आला, कोण आहे गं आई? माझा आवाज. मी ओरडून काकांचं नाव, गाव, रस्ता सगळं सांगितलं. दादांनी हळूच फोन काढून घेतला. काका दारात उभे होते.

मंगळवार, ९ डिसेंबर
आतल्या खोलीत. बाहेरून कडी. जेवण वेळेवर. वही पलंगाखाली —

काकू केस विंचरत होत्या. मी परत सांगितलं, मी गौरा नाही. त्या थकलेल्या दिसल्या.
“चार वर्षं म्हणत होतीस, मी स्वरा, डहाणूची, मला घरी सोडा. आता किमया. बाळा, अजून किती नावं घेशील?”

स्वरा. म्हणजे तीसुद्धा —
आणि तिच्या आधी?

रविवार, १४ डिसेंबर
आई आली. खरंच आली. तिला राहवलं नाही. खिडकीशी उभी राहिली. ती दुसरी फाटकापाशी, माझ्या निळ्या कुर्त्यात.

मी आई, आई म्हणत राहिले. आईने गजांतून हात घालून माझी हनुवटी धरली. किती वेळ पाहत होती. हळूच, फक्त मला ऐकू जाईल असं विचारलं, किमयाचे बाबा शेवटचं काय बोलले?

मी तोंड उघडलं.
फाटकाकडून उत्तर आलं. दुधाची पिशवी आत घे. आवंढ्यासकट.

आईने हात काढून घेतला. काकूंना म्हणाली, जपा हो पोरीला.
फाटकापर्यंत गेली. एकदा वळून —
नाही. नाही वळली.

बुधवार
तारीख माहीत नाही. हाका मारल्या की काका रेडिओ मोठा करतात. काल कुणी गौरा म्हटल्यावर मी ओ दिली. नकळत —

भाकरी छान होती.

?
विसरायच्या आत लिहिते. ज्याला वही सापडेल त्याने तिथे जावं आणि सांगावं. नाव किमया. आई चंदना. नाशिक, पंचवटी. गल्लीत शिरलं की डाव्या हाताला पिठाची गिरणी, तिच्यानंतर दोन घरं, मग जिना, जिन्यावर निळ्या रंगाचं — नाही, हिरव्या. दारावर पाटी आहे. पाटीवर आमचं आडनाव —