एका ट्यूलिपची सिद्धता

व्होलोग्दा, मे महिना

प्रिय फाईनामावशी,

तुला खाली वाकून नमस्कार. गुडघा काय म्हणतो? काकडीची रोपं थंडीतून वाचली ना? मी ठणठणीत आहे आणि लग्न करायचं ठरवलं आहे (लिदिया अर्काद्येव्नाशी, आमच्याच शाळेत भूगोल शिकवते, तिच्या हातचा मुरंबा तू खाल्ला आहेस). तिचा होकार तेवढा बाकी आहे.

मागणी घालायला काल सात ट्यूलिप घेऊन निघालो. ट्रॉलीबसमध्ये एका बाईच्या पिशवीखाली एकाची मान मोडली. दुसरा कुणी हादरला असता. सम संख्येत फुलं आपल्याकडे मेलेल्यालाच वाहतात, म्हणजे सहा फुलं थेट कबरस्तानाची! पण मी गणितमंडळात मुलांना शिकवतो तेच केलं: बाकी काहीही बदलो, एक गोष्ट बदलू द्यायची नाही. मोडक्याबरोबर एक धडधाकट फूलही त्या बाईला देऊन टाकलं. दोन-दोन वजा केली की विषम ते विषमच राहतं. पुढे वारा सुटला, मग जिन्यात मांजर आलं (सविस्तर सांगत नाही), पण नियम मोडला नाही. दाराशी पोचलो तेव्हा हातात एकच होतं. एक हीसुद्धा विषम संख्याच, म्हणून ऐटीत बेल वाजवली.

लिदियानं हसून फूल घेतलं आणि फुलदाणीत खोचलं. तिथे आधीच एक होतं, खालच्या मजल्यावरच्या निवृत्त कर्नलनं दिलेलं (त्यालाही मांजर भेटलं असावं). "अगं बाई, दोन! घरात कुणी मेलंय का?" तिची आई किंचाळली. "काढ आधी एक!"

लिदियानं माझ्याकडे पाहिलं. "वेनियामिन बोरिसोविच, तुम्ही गणितवाले. दोन्ही राहतील असं काही जमतंय का बघा ना."

मावशी, मी सिद्ध करून दाखवलं! विषमात विषम मिळवलं की सम. दोन्ही राहणं त्रिकाळात शक्य नाही, एकाला जावंच लागणार. सिद्धता निर्दोष होती. तिच्या आईलासुद्धा पटली.

तुझा,
वेन्या

ता. क. तिनं माझंच काढलं. (कोपऱ्यावर फुलवाली बसते, तिसरं आणलं असतं तर भागलं असतं, हे मला उतरताना जिन्यात सुचलं.)

ता. क. २. पण फेकलं नाही. पेल्यात पाणी घालून स्वयंपाकघरात, स्वतःच्या खुर्चीसमोर ठेवलं. भांडी दोन असू शकतात, हे माझ्या सिद्धतेत नव्हतं. निघताना म्हणाली, "रविवारी चहाला या. पेल्यात अजून जागा आहे." तेव्हा शनिवारी तुझ्या बागेतले ट्यूलिप न्यायला येतो. दोनच दे. अशुभ-अशुभ म्हणत तिसरं हातात कोंबू नकोस. माझं एक तिथे आधीच आहे.