डोंगराचं सगळं कळव

फेल्डहोवन,
११ सप्टेंबर २००५

ती. राघवदादा यांस,
अश्लेषाचा सा. न. वि. वि.

आईंनी पाठवलेला मेतकुटाचा डबा पोचला. आम्ही घरी नव्हतो म्हणून पोस्टमननं तो शेजारच्या बाईंकडे दिला. वास कशाचा हे त्यांना कळेना, त्यामुळे तो दोन दिवस त्यांच्या गॅरेजमध्ये होता. ई-मेल केला असता, पण तुमच्या इथला सायबर कॅफे दुसऱ्या मजल्यावर आहे आणि तो जिना तुमच्या पायाला सोसत नाही, असं विश्वास मागे म्हणाला होता. म्हणून हे पत्र.

ते मी विश्वासच्या नकळत लिहिते आहे. नोव्हेंबरमध्ये त्याला कंपनी टेक्सासला पाठवते आहे, ऑस्टिनच्या एका कारखान्यात मशीन बसवायला. त्याच्याबरोबर यान नावाचा इथला सहकारी आहे. महिनाअखेर तिकडे चार दिवस सुट्टी असते. तेव्हा यान आणि त्याची बायको मार्लूस बिग बेंड नावाच्या नॅशनल पार्कात जाणार आहेत. चहूकडे वाळवंट आणि मध्येच उभी राहिलेली चिसोस नावाची डोंगररांग. तंबूत राहायचं आणि पायी हिंडायचं. मीही सुट्टीपुरतं यावं, असा त्या दोघांचा आग्रह आहे.

विश्वास नाही म्हणाला. तुम्ही लिंगाण्याच्या सुळक्यावरून पडलात तेव्हापासून तो कुठला चढ चढलेला नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. मी या घरात त्यानंतर आले. डोंगर चढणारा विश्वास मी फक्त कपाटातल्या एका फोटोत पाहिला आहे. मागच्या वर्षी मास्ट्रिख्टला गेलो होतो, तिथून जवळच या देशातली सर्वांत उंच टेकडी आहे. बाबागाडी ढकलत वर जाता येतं, एवढीच उंच! यान, मार्लूस आणि मी वर गेलो, हा गाडीत पेपर वाचत बसला. मी रागावले तेव्हा म्हणाला, दादाला चढता येत नाही, मग मी कशाला चढू. हे तुम्हाला लिहावं की नाही, याचा फार विचार केला. शेवटी लिहिलं.

आईंना नमस्कार. आगाऊपणा वाटला तर मोठ्या मनानं पोटात घालावा.

आपली,
अश्लेषा

सातारा,
२ ऑक्टोबर २००५

चि. विश्वास यास अनेक आशीर्वाद.

तुझ्या बायकोनं मला पत्र लिहिलं आहे. लपवाछपवी मला जमत नाही, म्हणून आधी हेच सांगतो. तिच्यावर डाफरू नकोस. पोरगी शहाणी आहे.

आज सहामाहीचे पेपर तपासायचे होते. ते बाजूला ठेवून शाळेतून आणलेला मोठा ॲटलास उघडला आणि तुझं ते बिग बेंड शोधलं. मेक्सिकोच्या सीमेवर नदीनं मोठं वळण घेतलंय, त्या वळणाच्या पोटात आहे. इतकी वर्षं मी भूगोल शिकवतो, पण वाळवंटात डोंगर कसा दिसतो हे मला माहीत नाही. मुलांना मात्र ठासून सांगतो.

आता नीट वाच. माझा पाय गेला, कान शाबूत आहेत. पण मी इस्पितळातून घरी आल्यापासून माझ्यासमोर कोणी डोंगराचं नाव काढत नाही. आपल्याबरोबर डोंगर चढणारा श्रीनिवास अजून दर पावसाळ्यानंतर कुठेतरी जाऊन येतो. मला भेटायला येताना बूट धुऊन येतो, चिखल दिसू नये म्हणून. मी खोलीत आलो की फोटो खिशात जातात. आईनं तर टीव्हीवर हिमालय लागला की चॅनल बदलायचं धोरणच ठेवलं आहे. आणि तू सातासमुद्रापलीकडे, जिथे चढच नाही अशा देशात जाऊन बसलास. मला एकदा विचारायचंस तरी. पडलो तेव्हा दोन महिने इस्पितळात होतो, पण खरा कंटाळा आला तो नंतर तुमच्या या गप्प बसण्याचा.

तेव्हा जा. आणि आल्यावर सगळं कळव. दगड कसला, वाट कशी, वारा कुठून, सगळं. आईचं मी बघतो.

प्रकृतीस जप आणि रागावला असलास तरी लिहीत राहा.

तुझा,
दादा

फेल्डहोवन,
१६ ऑक्टोबर २००५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचलं. दोन दिवस अश्लेषाशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तीच म्हणाली, अबोला संपला असेल तर आल्बर्ट हाइनच्या दुकानातून दूध आण. आणलं.

श्रीनिवास बूट धुऊन येतो हे मला माहीत नव्हतं. माझं काय झालं ते सांगतो. तू वॉकर धरून पहिल्यांदा अंगणात आलास, त्या दिवशी माझी सॅक दाराजवळ लटकत होती. तू तिच्याकडे पाहिलंस आणि तोंड फिरवलंस. मी ती माळ्यावर टाकली. ते तुझ्यासाठी केलं, असंच आजवर धरून चाललो होतो. तुला ते असं टोचत असेल, हे डोक्यातच आलं नाही.

यानला हो म्हणून सांगितलं आहे. पण सपाट वाटांवरून फिरेन, एवढंच. अश्लेषानं डेकॅथलॉनमधून बूट घेतले आणि ते घालून घरभर हिंडते आहे. खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी वर येऊन विचारपूस केली.

आईला सांभाळून सांग. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
विश्वास

फेल्डहोवन,
४ डिसेंबर २००५

ती. राघवदादा यांस,
सा. न. वि. वि.

आम्ही दोघंही सुखरूप परतलो. विश्वास त्याचं पत्र वेगळं लिहितो आहे. पण एक गोष्ट तो नीट लिहील असं मला वाटत नाही, म्हणून ती मी लिहिते.

डोंगरांच्या मधल्या खोलगट जागेत आमचा तळ होता. अस्वलं येतात म्हणून खाण्याचं सगळं, अगदी टूथपेस्टसुद्धा, लोखंडी पेटीत ठेवावं लागायचं. मी नेलेले मेथीचे ठेपलेही. पहिले दोन दिवस हा खरंच सपाट वाटांवरून फिरला. तिसऱ्या सकाळी यान आणि मार्लूस एमरी नावाच्या सर्वांत उंच शिखराकडे निघाले. हाही बुटांची नाडी बांधायला लागला. मी गुपचूप पाण्याच्या बाटल्या भरल्या.

वाट लांब, पण सोपी. झाडी दाट, अंगावर निळे पक्षी ओरडतात. विश्वास माझ्यापुढे असा चालत होता, की हा माणूस मी ओळखतच नाही असं वाटलं. शिखराशी मात्र वाट संपते आणि शेवटी उभा खडक हातापायांनी चढावा लागतो. दोन मजल्यांएवढा असेल. यान आणि मार्लूस चढून गेले. मग विश्वास. अर्ध्यावर जाऊन तो थांबला. आधी वाटलं, पाहतोय. मग त्याची पोटरी थरथरताना दिसली. यान वरून काहीतरी सांगत होता, पण याला ऐकूच येत नव्हतं. कसाबसा खाली आला आणि खडकाला पाठ टेकून बसला. चेहरा पांढराफटक. दादा, तो म्हणाला, चढणं मी दादासाठी सोडलं नव्हतं, मी घाबरलो होतो, आणि हे मला आत्ता कळतंय. मी त्याला पाणी दिलं.

बराच वेळ बसलो. मग मलाच काय झालं कोण जाणे. मी स्टुलावर चढून बल्ब बदलायला घाबरते हे आईंनाही माहीत आहे. पण मी उठले आणि खडकाला हात लावून म्हटलं, मी बघते. तो ओरडलाच, की तिथे पाय नको, तो दगड हलतोय. मी म्हटलं, मग कुठे ठेवू ते सांग. तो सांगायला लागला. उजवा पाय खाली, वजन टाचेवर नको, पोट खडकाला चिकटवू नकोस, हात ओढायला नाहीत, तोल धरायला आहेत. सांगता सांगता माझ्यामागे चढू लागला. मी चुकले की माझा बूट धरून जागेवर ठेवायचा. वर पोचले तेव्हा मी रडत होते, आणि तो मला रागावत होता, की शेवटच्या पकडीला घाई केलीस. आपण स्वतः कुठे उभे आहोत हे त्याला त्यानंतर कळलं.

आईंना यातलं किती वाचून दाखवायचं, ते तुम्ही ठरवा. आशीर्वादाचा हात असाच पाठीवर राहू द्या.

आपली,
अश्लेषा

फेल्डहोवन,
५ डिसेंबर २००५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तिनं लिहिलं आहे, मला वाचू दिलं नाही. खरं तेच लिहिलं असणार.

तू विचारलेलं सांगतो. दगड ज्वालामुखीचाच, पण आपल्या काळ्या कातळासारखा नाही. तांबूस, खरखरीत, उन्हात लवकर तापणारा. पकड चांगली मिळते. वारा पश्चिमेकडून. माथ्यावरून पाहिलं तर चारी बाजूंना वाळवंट, त्यात कुठे गाव नाही की धूर नाही, दक्षिणेला मेक्सिकोचे डोंगर एकामागे एक फिकट होत गेलेले. आपल्याकडे वरून खाली पाहिलं की शेतं दिसतात, कोणाची तरी गुरं दिसतात. इथे काहीच नाही. भीती वाटली आणि बरंही वाटलं. वाटेत घायपातासारखी झाडं होती, वाळलेला फुलोरा पुरुषभर उंच. उतरताना माझे गुडघे दुखले, म्हातारा झालो आहे. रात्री थंडी कडाक्याची. यानचा दिवा विझल्यावर आभाळ ताऱ्यांनी इतकं भरलेलं दिसलं, की अश्लेषानं त्यातलं काहीएक ओळखता येत नाही म्हणून तक्रार केली.

वर असताना तुझी आठवण झाली. वाईट वाटलं नाही. एवढं सगळं तुला सांगायचं आहे याचीच घाई झाली. फोटो वेगळ्या पाकिटातून पाठवतो आहे, सगळे. जानेवारीअखेर तीन आठवडे रजा मिळाली आहे. येतो आहोत.

भेटीपर्यंत आठवणीत ठेव.

तुझा,
विश्वास

सातारा,
२६ डिसेंबर २००५

चि. विश्वास आणि चि. सौ. अश्लेषा यांस अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्रं आणि फोटो पोचले. श्रीनिवासला बोलावून दाखवले. तो आधी माझ्याकडेच बघत होता. मग त्यानंही आपले फोटो बाहेर काढले, गेल्या नऊ वर्षांचे. दुपारचा चहा तिसऱ्यांदा गरम करावा लागला.

आईला सगळं वाचून दाखवलं. खडकाचंही. तिनं पोळ्या थांबवल्या नाहीत. अश्लेषानं स्टुलाचं लिहिलं आहे तिथे हसली. शेवटी विचारलं, रात्री थंडीत तिथे पांघरायला काय होतं. मी स्लीपिंग बॅग म्हणजे काय ते समजावलं, तर म्हणाली, हे मला ठाऊक आहे, तुझीच मी दर दिवाळीला उन्हात घालते. मला हे माहीतच नव्हतं. ट्रंक उघडून पाहिली. आहे.

तुम्ही आलात की दोन दिवस बामणोलीला जाऊ. गाडी थेट धरणाच्या काठापर्यंत जाते. तिथे तंबू ठोकू. तुम्ही दोघं सकाळी लाँचनं पलीकडे जाऊन वासोटा किल्ला चढून या, मी काठावर पिठलं करून ठेवतो. आल्यावर मला सगळं सांगायचं. तिकडे तंबू चांगले मिळतात म्हणतात, तर येताना तीन माणसांचा घेऊन या.

वरची ओळ आईनं माझ्या खांद्यावरून वाचली. तीन माणसांच्या तंबूत ती कुठे झोपणार, असं विचारते आहे. तेव्हा चौघांचा आणा.

वाट पाहतो आहोत.

तुमचा,
दादा